रुख्माबाईची बकरी

रोहणा, ता. आर्वी
३ नोव्हेंबर १९९८

चि. रुचिका हिले आजीचा आशीर्वाद. अर्धा आता घे, उरलेला डी.एड. पास झाल्यावर.

तुहं पाकीट मिळालं. पत्र तुह्या मायनं वाचून दाखवलं. माह्या चाळशीची काच घासून घासून निरा आंधळी झाली, म्हणून कौशल्याले वाचाले लावते. तेवढंच तिचंही वाचन होते. उत्तर मात्र मी माह्या हातानं लिहून राह्यली. मले दुसरीतूनच शाळेतून काढलं होतं. मंग म्हातारपणी गावातल्या कवडूनं साक्षरतेच्या वर्गात पाटी धराले लावली, ते मी काही वाया जाऊ देत नाई.

पाकिटातून निघालं काय, तर चपलेचं चित्र. पोरी, तुह्या बापानं तुले वर्ध्याले मास्तरीण व्हाले पाठवलं का चांभाराच्या हाताखाली? होस्टेलात तुह्या खोलीत राहते ते हर्षा म्हणे रोज वहीत एक चित्र काढते, अन् तुलेही तिनं तो नाद लावला. समोर जे दिसन ते काढाचं. चप्पल, कप, खराटा. काऊन? देवाचं काढ, नाई तर झाडाचं काढ. चप्पल कागदावर काढून कोणाच्या पायात जाणार आहे? अन् पेन्सिल नसली तर जळक्या काडीनं रेघा माराच्या, चहानं रंगवाचं, हळद लावाची! हळद भाजीत जाते, नाई तर नवरदेवाच्या अंगाले लागते. कागदाले हळद लावलेली मी जलमात ऐकली नाई. लगन आहे काय त्याचं?

अन् ते पेन्सिल कोणत्या दुकानातली? इतकी फिक्की का चप्पल धुक्यात हरवल्यासारखी. आजकाल सारे लोक पाणी घालूनच माल विकून राह्यले. ओमप्रकाशच्या दुकानातून काळा दोरा आणला, तो निघाला करडा, अन् सुईत जाता जात नाई. तुह्या बापानं दाराबाहेरच्या सपरीत नवा बल्ब लावला, तो कंदिलापेक्षा कंजूस. म्हटलं परत कर, तर म्हणते चांगला आहे. त्याले सारंच चांगलं दिसते, तुह्या चपलेसकट.

कापसाची वेचणी सुरू आहे. तुही माय टोंगळे दुखते म्हणते. माहे नाई दुखत.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवला तर ठेवाले जागा नाई.

तुही आजी,
देवकाबाई

•

वर्धा
११ नोव्हेंबर १९९८

ती. आजीस वाकून नमस्कार. माझेही गुडघे दुखत नाहीत.

तुझं पत्र मी आणि हर्षानं मिळून वाचलं. मिळूनच वाचावं लागलं, कारण तुझ्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या आहेत. तिसरी ओळ तर दुसरीच्या डोक्यावर बसून थेट कोपऱ्यात गेली. कवडूकाकांनी हे पाहिलं तर पाटी परत मागतील.

चित्रांचं म्हणशील, तर ती कोणाला दाखवायला नसतातच. वही उघडायची, समोर जे असेल ते काढायचं, बिघडलं तर पान उलटायचं. देव काढायला बसलं की हात पुढे सरत नाही, कारण देव बिघडला तर पाप लागेल. चप्पल बिघडली तर कोण रागावणार? मला वाटलं होतं कोणी नाही. पण रोहण्याला तू आहेस हे मी विसरलेच.

काल मेसच्या बाईंकडून कोळसा मागून आणला, तर त्या म्हणाल्या मंजन करतेस का. बुटाचं पालिशही वापरून पाहिलं. हळद फार लवकर उडते, तेव्हा लग्न मोडलं असं समज.

आजी, एक विचारू? त्या चपलेत मी एक गोष्ट मुद्दाम काढली होती. तू तिच्यावर नक्की काही तरी बोलशील असं वाटलं होतं. बोलली नाहीस. जाऊ दे.

पेन्सिल फिक्की म्हणतेस, म्हणून या वेळी शाईनं काढून पाठवते. काय आहे ते तू ओळख. आईला विचारायचं नाही.

आईला नमस्कार, बाबांना नमस्कार, बल्बला सहानुभूती.

तुझी,
रुचिका

•

रोहणा
२१ नोव्हेंबर १९९८

चि. रुचिका हिले आशीर्वाद, जिभेले सोडून.

माह्या ओळी माह्या आहेत, कुठंही चढतीन. तू वाचली ना? मंग झालं.

तुहं दुसरं चित्र पाहिलं. पपई आहे. पपईले शेंडा असा वाकडा राहत नाई, पण तुले काय माहीत, होस्टेलात पपई देते कुठं. शाईही पाणचट. शाई करणाऱ्याच्या घरी विहीर असन भरलेली.

या घरात मी कोणाकोणाले सांगू? गॅस आणला, चुल्हा बंद केला, तरी तुही माय घरात धूर कोंडून ठेवते. कालपासून म्हणून राह्यली का खिडकी उघड, तर म्हणते उघडीच आहे. मंग हा धूर कोणाच्या बापाचा? तुरीची डाळ निवडाचंही मी सोडलं. खडे तिनंच पाहावे. मी किती दिवस साऱ्याईच्या दाताची काळजी करू?

अन् शेजारच्या रुख्माबाईची बकरी एवढी माजली आहे का काही विचारू नको. काल दुपारी सरळ आपल्या आंगणात येऊन बसली, तुळशीपाशी. हाट म्हटलं, हलली नाई. काठी आणून पाठीत दोन घातल्या, तरी जागची हलत नाई. इतकी निबर बकरी मी पाहिली नाई. जशी मालकीण तशी बकरी, बसली का बसली. शेवटी मीच कंटाळून आत आली. रुख्माबाईले सांगाले गेली, तर ते माह्या तोंडाकडे पाहत राह्यली अन् चहा घेतो काय म्हणे. चहा पाजून बकरीचं पाप धुवाले पाहते.

तुले समोर दिसन तेच काढाचं असन, तर ते बकरी काढ. निदान हलत तरी नाई.

दिवाळीचा चिवडा संपला असन तर डबा परत पाठव. डबा माह्या लग्नातला आहे, तुह्या नाई.

देवकाबाई

•

वर्धा
२ डिसेंबर १९९८

ती. आजीस नमस्कार, जिभेसकट.

ती पपई नव्हती, मेसमधली चहाची किटली होती. पण असू दे.

तुझ्या हुकुमाप्रमाणे रुख्माबाईची बकरी काढली आहे. दिवाळीला आले होते तेव्हाच्या आठवणीवरून. या वेळी काही कसर ठेवली नाही. कोळसा, गेरू, चहा, बुटाचं पालिश, जे हाताला लागलं ते लावलं. दिसलं नाही अशी तक्रार करायला जागाच ठेवली नाही.

आई, हे वाचत असशील तर आत जी वेगळी घडी आहे ती तू उघडू नकोस. ती फक्त आजीसाठी. तू पाहिलीस तर संध्याकाळपर्यंत रुख्माबाईपर्यंत पोचेल, आणि मग आपल्याकडे विरजण मागायला कोणी येणार नाही.

आजी, कशी झाली ते सविस्तर लिही. तुझं सविस्तर म्हणजे काय हे मला माहीत आहे. तरी लिही.

डबा येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवते.

रुचिका

•

रोहणा
१३ डिसेंबर १९९८

चि. रुचिका हिले आशीर्वाद.

बकरी पोचली. घडी मीच उघडली, खिडकीपाशी बसून. कौशल्याले जवळ येऊ दिलं नाई.

आता खरं सांगते, हे तुहं पहिलं चित्र आहे का ज्यात काही दिसते. ठळक काढलं. मी बोलली म्हणून अक्कल आली. पण बकरी जाड झाली वं. रुख्माबाई स्वतः अर्धी भाकर खाऊन उठते, तिची बकरी एवढी जाड कुठून होईन? पोट असं काढलं का आज व्याते का उद्या. कान बरे साधले. शिंगं थोडे वाकडे गेले, ते तुह्या बापाच्या अक्षरावर गेले. अन् पालिश उगाच लावलं, चकाकते. बकरी काय शाळेत चालली आहे?

तरी ठेवून देते म्हटलं. माह्या पेटीत ठेवली, साडीच्या घडीत. चपलेपाशी अन् पपईपाशी.

संक्रांतीले तीळ मीच भाजणार आहे. तुही माय म्हणते, आत्या तुम्ही बसा, मी भाजते. बसा म्हणाले यांचं काय जाते.

थंडी आहे. पांघरून झोपजो. आजारी पडली तर औषधाच्या शिशीचं चित्र काढत बसशीन.

देवकाबाई

•

वर्धा
१९ डिसेंबर १९९८

ती. आजीस नमस्कार.

आजी, त्या घडीत कोरा कागद होता.

दोन्ही बाजूंनी कोरा. त्याच्यावर चहाचा डागसुद्धा नव्हता, मी उजेडात धरून पाहिला आणि मगच पाकिटात घातला. त्या कागदाचे तुला कान दिसले, शिंगं दिसली, पोट दिसलं. इतकी बारीक तपासणी आमच्या चित्रकलेच्या बाईंनी कधी केली नाही, आणि त्या तर चष्मा पुसून बसतात.

बाबा कापसाच्या कामानं वर्ध्याला आले होते, ते मला भेटून गेले. रुख्माबाईनं बकरी दिवाळी होताच आर्वीच्या बाजारात विकली. तू काठीनं जिला मारलंस, ते सरकीचं पोतं आहे. बाबांनीच तुळशीपाशी ठेवलं होतं. ते हसत सांगत होते. मीही हसले. ते गेल्यावर मला जेवण गेलं नाही.

पेन्सिल चांगली आहे, आजी. शाई चांगली आहे. ओमप्रकाशचा दोरा काळाच आहे, बल्ब शंभरचा आहे आणि आईनं कोणताही धूर कोंडलेला नाही. तो धूर तुझ्या डोळ्यांत आहे. आणि तुला हे माहीत आहे, नाही तर तू घडी खिडकीपाशी नेली नसतीस.

मोतीबिंदू आहे असं मला वाटतं. इथल्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन होतं. हर्षाच्या मामांचं झालं, आता ते दुसऱ्यांच्या पानातले खडे शोधतात. मी नाव घालून ठेवते. तू ये.

आई, हे पत्र तूच वाचणार आहेस. थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

रुचिका

•

रोहणा
२८ डिसेंबर १९९८

रुचिका,

आशीर्वाद मागून घेजो, आज घरात नाई.

कोऱ्या कागदाची थट्टा करतो अन् आजीले पकडतो, हे शिकवते काय तुह्या डी.एड.मधे? उद्या पोराईले असंच शिकवशीन?

तुही माय वाचता वाचता मधीच थांबली. मी म्हटलं वाच, शाई संपली काय. मंग तिनं सारं वाचलं. मी पेटीतून घडी काढून तिच्या हातात दिली. तिनं ते उलटी केली, सुलटी केली, अन् हसली नाई. हसली असती तर मी तिले चार शब्द ऐकवले असते अन् गोष्ट तिथंच संपली असती. ते हसली नाई. उठली, माहा हात धरला, मले पाटावर बसवलं अन् ताट वाढून हातात आणून दिलं. भाजी इकडे आहे, चटणी इकडे आहे, असं सांगत बसली. मी माह्याच घरात, माह्याच ताटात, अन् मले ते रस्ता दाखवून राह्यली!

तुले माहीत नाई, असंच सुरू होते. माही सासू अशीच आंधळी झाली होती. सपरीत तिची बाज टाकली अन् तिच्यावर तिले बसवलं. मंग तिले कोणी काही विचारलंच नाई. मीठ किती, बियाणं कोणतं, पोरीचं कुठं पाहाचं, काहीच नाई. येणारे-जाणारे तिच्यासमोर मले विचारत, बुढीनं खाल्लं काय? बुढीले नाई विचारत, मले विचारत. अन् ते बिचारी मान वर करून बसली राहे, का आता कोणी विचारन, मंग कोणी विचारन. ते हातानं वाती वळे, त्या वाती साऱ्याईच्या देवापुढं जळल्या, पण तिले आज सण कोणता हे कोणी सांगतलं नाई.

मले पोतं बकरी दिसली तर दिसली. काय बिघडलं? पोत्याले लागलं काय? जोपर्यंत मी बोलते तोपर्यंत हे घर मले विचारते. डोळे गेले असं एकदा गावात झालं का तोंडही गेलं. म्हणून कागद जाड म्हणा नाई तर बारीक म्हणा, मी बोलतच राहणार.

दवाखाना-बिवाखाना काही नाई. डोळ्यात सुरी घालून घ्याले मी काय भाजीतलं भेदरं आहे, टमाटर?

आता तुह्या बापालेही माहीत झालं. सकाळपासून तो माह्याशी जोरात बोलून राह्यला. डोळ्याचं ऐकलं अन् कानाचं समजला, बैल.

देवकाबाई

•

वर्धा
४ जानेवारी १९९९

ती. आजीस नमस्कार. घरात आशीर्वाद नसला तर उधार चालेल.

ठीक आहे, नको येऊस.

मी असं ठरवलं आहे की उन्हाळ्याच्या सुट्टीत सपरीत बसून तुझीच चित्रं काढायची. बाजेवर बसलेली आजी. सकाळी कोळशानं, दुपारी शाईनं, संध्याकाळी चहानं. नव्यानं शिकणाऱ्याला याच्याहून सोपा विषय नाही. जागची हलणार नाही, उठणार नाही, एका बाजूला मान करून बसलेली. पोत्याइतकीच सोयीची. शेवटी शेवटी मला पाहायचीही गरज पडणार नाही, पाठ होऊन जाशील. आणि तुला जाड काढली की बारीक काढली हे तू सांगू शकणार नाहीस, मी दाखवीन ते आईला. ती चांगलंच म्हणेल. बाबाही चांगलंच म्हणतील. या घरात वाईट म्हणणारं कोणी उरणारच नाही. माझी वही भरेल आणि हात बिघडेल, त्याला जबाबदार तू.

तुझ्या सासूचं मी दोनदा वाचलं. पण आजी, तिच्या वेळी दवाखाना नव्हता. तुझ्या वेळी आहे. मग तू बाजेवर बसलीस तर तुला कोणी बसवलं असं मी म्हणणार नाही. तू आपल्या पायांनी जाऊन बसलीस असं म्हणेन, आणि वर्गातल्या पोरांनाही हेच शिकवीन.

संक्रांत झाल्यावरची तारीख मिळाली आहे. बाबा तुला आणतील. मी सुट्टी काढून तुझ्याजवळ राहीन. यायचं नसेल तर तिळाचे लाडू पाठव, पण तीळ आईला भाजू दे. तुला ते काळे झालेले दिसायचे नाहीत.

रुचिका

•

रोहणा
१२ फेब्रुवारी १९९९

चि. रुचिका हिले आशीर्वाद. दोन्ही हप्ते धरून पूर्ण.

तू बोलली म्हणून मी आली असं कोणाले सांगू नको. बाज ढिली झाली आहे, बसण्यासारखी राह्यली नाई, म्हणून आली.

दवाखान्यात पट्टी सोडली तवा पहिले तुहंच तोंड दिसलं. नाक बापाचंच निघालं. मले वाटलं होतं वाढत्या वयात सुधरलं असन. हे तिथं बोलली नाई, कारण तू रडून राह्यली होती अन् डॉक्टर उभा होता.

आता घरी येऊन काळा चष्मा लावून बसते. एकच डोळा झाला आहे, तरी एवढं दिसून राह्यलं का जीव वैतागला. कोपऱ्याकोपऱ्यात जाळे आहे. तवा मागून जळला आहे. ओमप्रकाशनं आता चांगला काळा दोरा ठेवला, मी बोलली तवा सुधरला. बल्बही तुह्या बापानं चुपचाप बदलला दिसते, कबूल करत नाई. अन् तुह्या मायचे केस एवढे पांढरे कवा झाले? मले कोणी सांगतलं नाई. तिले म्हटलं, कौशल्या, मेंदी लाव, तू तर माही बहीण दिसून राह्यली. तर पदरात तोंड घालून हसली. तवा नाई हसली, आता हसते. काल डाळ मीच निवडली. तिनं निवडलेल्यात खडा होता.

मंग तुहे चित्र पेटीतून काढले अन् बाजेवर मांडले. बाजेवर ते बसले, मी उभी राह्यली. किटलीचा दांडा एका बाजूनं वर आहे, चहा सांडन. दवाखान्यात मी झोपली होती तवा माह्या पायाचं चित्र काढलं, ते पाकिटात लपवून दिलं. टाचा एवढ्या फाटल्या नाई माह्या. मी पाहून घेतल्या. बरं, फाटल्या आहेत, पण लोकाले दाखवाले काढाच्या काय?

अन् ते चप्पल. पोरी, तुह्या चपलेचा अंगठा तुटला आहे अन् त्याले तू पिन लावून चालून राह्यली. हे काढून दाखवता आलं, तोंडानं सांगता नाई आलं? आजी वाचन, आजी ओळखन, असं वाटलं असन. आता ओळखलं. बाप उद्या येते, त्याच्या हातानं नव्या चपला पाठवून राह्यली. त्याईचं चित्र काढत बसू नको, घालजो. काढलंच तर घालून झाल्यावर काढजो, मळलेल्या.

आता शेवटचं. तुहा कोरा कागद परत पाठवून राह्यली, याच पाकिटात आहे. मी उजेडात धरून पाहिला, खरंच कोरा आहे. तुह्या मायनं पाहिला, तुह्या बापानं पाहिला, अन् रुख्माबाई विरजण मागाले आली तर तिलेही सांगून झालं. साऱ्या गावात आता हेच चालू आहे का देवकाबाईनं कोऱ्या कागदावर बकरी पाहिली. मी म्हटलं पाहिली, होती म्हणून पाहिली, पोरीच्या मनात होती, कागदावर यायची राह्यली.

तवा होळीले येशीन तर कोळसा, गेरू, काय लागते ते घेऊन येजो. बकरी विकली, ते काही परत येत नाई. पण सरकीचं पोतं अजून तुळशीपाशीच आहे, तुह्या बापाले म्हटलं उचलू नको. त्याच्यासमोर बसजो अन् त्यालेच पाहून काढजो. शिंगं वाकडे, कान बरे, जसं मी लिहिलं होतं तसंच. अन् जाड काढजो. मी जाड म्हटली आहे.

ओळी मोजून सरळ लिहिल्या आहेत, हर्षाले दाखवजो.

तुही आजी,
देवकाबाई